तपकिरी स्पंज

घरात फिश टँक आला की पहिला महिनाभर सगळ्यांचे हात शिवशिवतात. रविवारी टाकी रिकामी, खडी घमेल्यात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळलेला. बुधवारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडमिट करू लागतात आणि बोल लागतो दुकानदाराला.

मासा खातो त्याच पाण्यात घाण करतो. त्यातून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बऱ्यापैकी सोसतं. ही मंडळी राहतात स्पंजात आणि खडीत. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार-सहा आठवडे जातात आणि नळाचं क्लोरीन त्यांच्या मुळावर येतं. म्हणून मी स्पंज धुतो तो टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच. दोन-तीनदा पिळला की चहाच्या रंगाचा गाळ सुटतो. बास. स्पंज तपकिरीच राहायला हवा, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. बादलीतलं पाणी कढीपत्त्याला.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नवं पाणी आदल्या दिवशीच उघड्या बादलीत भरून ठेवायचं. घाई असेल तर अँटिक्लोर, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास चढला की मी पाव टाकीचं प्रमाण निम्म्यावर आणतो. मे महिन्यात तऱ्हा वेगळी: गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनिया जास्त बाधतो.

खरी परीक्षा महापुरात. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कुठल्या कुठे मागे टाकली, उपसा केंद्रं बुडाली, कोल्हापूर शहराचे नळ कोरडे पडले. टँकरपुढे माणसं कळशा घेऊन उभी असताना माशांसाठी बादली मागायला तोंड कुठलं? अशा वेळी खाणं बंद करायचं. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी काढतात, आणि खाणं नाही तर अमोनियाही बेताचा. वीज गेली की मगानं टाकीतलंच पाणी वीतभर उंचीवरून परत ओतत राहायचं, घरच्यांनी आळीपाळीनं.

गप्पी याहून हलाखीतही तगतात. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं त्यांना डबक्यांत सोडतं ते उगीच नाही. बादल्या उचलायचा कंटाळा असलेल्यांना मी गप्पीच सुचवतो. ते मान डोलावतात आणि गोल्डफिश घेऊन जातात, तोही गोल बाउलमध्ये.