वाशिष्ठीच्या वाटेने

मुंबईहून निघालेली आगबोट दाभोळच्या बंदरात नांगर टाकी आणि उतारू मंडळी लहान लाँचीत बसून खाडीतून सुमारे 25 मैल वर, चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर उतरत, त्या काळी या मुलखाचे प्रथम दर्शन पाण्यावरूनच घडत असे. पुढे सडका रुंदावल्या, कोकण रेल्वे आली, आणि वाशिष्ठी ही पुलावरून जाताना निमिषमात्र दिसणारी नदी होऊन बसली. आता हौशी प्रवाशांसाठी यंत्राच्या होड्या पुन्हा या पाण्यावर फिरतात, ही मला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. कारण या खोऱ्यातील जुनी गावे, बंदरे आणि किल्ले ज्या वाटेकडे तोंड करून बसले आहेत ती वाट नदीची आहे, आणि सडकेने जाणाऱ्याला त्यांची केवळ पाठ दिसते.

निघण्याची वेळ प्रवाशाने ठरवायची नसते. गाळाने पात्र उथळ झालेले, त्यामुळे भरती पुरी होऊन पाणी क्षणभर स्तब्ध होते त्या सुमारास तांडेल दोर सोडतो. “काका, पाणी सुटायच्या आत बसून घ्या. रुतलो तर पुढच्या भरतीपर्यंत हलायला नको,” असे तो म्हणाला, आणि त्या सौम्य शब्दांतला हुकूम समुद्राचा असल्यामुळे कोणी तक्रार केली नाही. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला गोवळकोटचा किल्ला गोविंदगड लवकरच मागे पडला.

होडीखालचे पाणी कोठले, हा प्रश्न येथे साधा नाही. वाशिष्ठी ही सह्याद्रीत उगम पावणारी, लांबीने आखूड, पश्चिमवाहिनी नदी; तिच्या भगिनींप्रमाणे तिनेही पावसाळ्यात उन्मत्त व्हावे आणि वैशाखात क्षीण धारेने खडकांवरून उतरावे, हा तिचा जन्मजात स्वभाव. परंतु महाबळेश्वरी उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचे पाणी धरणात अडवले गेले, डोंगराच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर सोडले गेले, आणि वीज देऊन झाल्यावर कोळकेवाडीमार्गे या पात्रात उतरू लागले, तेव्हापासून ज्या जलाने कृष्णेबरोबर अवघे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास जायचे, ते अरबी समुद्राच्या वाटेस लागले आहे. म्हणून भर उन्हाळ्यातही ही नदी वाहती असते. घाटमाथ्यावरचे गोडे पाणी एका अंगाने उतरते, समुद्राचे खारे पाणी दुसऱ्या अंगाने चढते, आणि त्यांच्या या नित्य भेटीत माझ्या मते वाशिष्ठीचे सारे वैभव आहे; तसेच तिचे भयही आहे, कारण 22 जुलै 2021 रोजी अतिवृष्टीचा लोंढा आणि खाडीची भरती एकत्र आली तेव्हा चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती.

ओहोटी लागली की तीर हळूहळू उंचावू लागतात. कांदळाची कमानदार आधारमुळे उघडी पडतात, तिवरांभोवती चिखलातून वर आलेली असंख्य श्वासमुळे दिसू लागतात, आणि त्याच ओल्या उतारावर, थंडीच्या दिवसांत विशेषेकरून, मगरी ऊन घेत पडलेल्या आढळतात. एखादीचा जबडा सताड उघडा असतो. तो क्रोध नव्हे, देहातील अधिक उष्णता ती त्या वाटे सोडत असते. यंत्र बंद करून तांडेल होडीला प्रवाहावर तरंगू देतो, आणि त्या निःशब्द अंतरावरून तो पुरातन प्राणी पाहताना मनात भयापेक्षा आदरच अधिक दाटतो. मगरींच्या पलीकडे मनुष्यवस्ती आहेच: खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध, त्यांमागची भातखाचरे, माडांच्या रांगा, कौलारू घरे, आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या जुन्या पायऱ्या.

खेडकडून येणारी जगबुडी मिळाल्यावर पात्र विस्तीर्ण होते आणि वाऱ्याला समुद्राचा वास येतो. उत्तर तीरावरचे दाभोळ आज शांत मासेमारीचे गाव आहे. पण अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानातून परत निघाला तो याच बंदरातून, आणि 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने चौलजवळ पडलेल्या पुत्राचा सूड म्हणून जाळले ते हेच दाभोळ. आदिलशाही अमदानीतील मशिदीचा घुमट आणि मिनार अजून उभे आहेत. समोर दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड. येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर येथूनच नजर राही, आणि 1818 साली इंग्रजांनी तो घेतला तेव्हा पेशवाईतील अंजनवेल तालुक्याचा कारभारही संपला.

दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये आज फेरीबोट मोटारींसह माणसे पलीकडे नेते. आडवी वाट अशी नांदती झाली. उभी वाटही नांदती व्हावी, असे मला मनापासून वाटते. गोवळकोट ते दाभोळ अशी नियमित लाँच असावी, पंचांगातली तिथी आणि भरतीची वेळ पाहून तिचे वेळापत्रक बांधले जावे, आणि पर्यटकाप्रमाणेच शाळकरी मुलाला व मासे विकणाऱ्या बाईला परवडेल इतकेच तिचे तिकीट असावे. धक्क्यांची डागडुजी करावी लागेल, गाळ उपसावा लागेल, खर्चही होईल. परंतु ज्या राज्याने सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खोदून कोयना या पात्रात आणली, त्या राज्याला 25 मैलांचा हा मार्ग मोकळा करणे अवघड नाही.