नळीवरची काजळी

मराठी शिकवणाऱ्या माणसांनी बंदुकीविषयी लिहावे हा थोडा अव्यापारेषु व्यापार आहे, हे आम्हांला मान्य आहे. आम्ही दोघेही गेली अठरा-वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. शिकार आमच्या वाट्याला आली ती बहुधा व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकांतून. तरीही एक बंदूक आमच्या घरात होती, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न दोन वर्षे आमच्यापुढे पडून होता. त्याचे उत्तर मिळाले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये, त्याने आपली बंदूक रंगवायला घेतली तेव्हा.

आधी घरची बंदूक. ती ठासणीची, एका नळीची. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांनी शेतीसंरक्षणासाठी परवाना काढून ती घेतली होती. भाताला कणसे धरली की रानडुकरे उतरत, आणि आजोबा रात्री माळ्यावर बसत. हवेत बार काढून डुकरे पळवून लावणे, एवढेच तिचे बहुतेक काम. आजोबांनंतर परवाना वडिलांच्या नावावर आला. त्यांनी ती कधी उडवली असेल असे वाटत नाही. पण दर निवडणुकीला नियमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, हे त्यांनी व्रतासारखे पाळले. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि परवानाधारक न उरल्याने बंदूक पुन्हा ठाण्यात गेली. आमच्यापैकी एकीचे हे सासरे, दुसऱ्याचे वडील. बंदूक कायमची सरकारजमा करावी असे आमचे मत होते. विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या भाऊजींचा त्याला विरोध होता. "दादाने परवाना आपल्या नावावर करून घ्यावा, दस्त्याला नीट पॉलिश करावं आणि काचेच्या कपाटात ठेवावी. घरात आजोबांचं दुसरं आहे काय?" असे ते फोनवर म्हणत. या वाक्यावर आम्ही गप्प होत असू, आणि विषय पुढच्या फोनपर्यंत लांबे.

गेल्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो. तिथे तेव्हा टर्कीच्या शिकारीचा वसंतातला हंगाम संपत आला होता. या पक्ष्याची कथा ऐकण्यासारखी आहे. जंगलतोड आणि अनिर्बंध शिकार यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधून रानटर्की नाहीशी झाली. १९७६ साली मिसुरी राज्यातून काही पक्षी आणून व्हर्नन परगण्यात सोडण्यात आले. मोबदल्यात विस्कॉन्सिनने आपल्याकडचे 'ग्राऊस' जातीचे रानपक्षी दिले. टर्की इतकी वाढली की १९८३ पासून तिथे ठरावीक परवान्यांवर शिकार सुरू झाली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा अध्याय मिटवला; तिथे शिकारीच्या शुल्कावर वन्यजीवांचे रक्षण चालते. दोन्हींपैकी बरोबर काय, हा वाद भाऊजींशी आम्ही पुष्कळ घातला. तो इथे नको.

भाऊजींचा शेजारी निवृत्त सुतार. त्याच्या छऱ्यांच्या नव्या बंदुकीचा दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा होता, आणि तो काळा रंग रानात फार उठून दिसतो, अशी त्याची तक्रार होती. शनिवारी सकाळी त्याने ती रंगवायला काढली आणि आम्हांला पाहायला बोलावले. प्रथम बंदूक रिकामी आहे ना, हे त्याने स्वतः दोनदा पाहिले आणि मग आम्हांला दाखवले. मग ॲसिटोनने पुसून तेलाचा अंश काढला, कारण तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही. नळीचे तोंड, चाप, नेम धरण्याचा मणी, काडतुसे जाण्यायेण्याच्या जागा आणि बंदुकीचा क्रमांक यांवर मास्किंग टेप लावली. त्यानंतर दोरीला टांगलेल्या बंदुकीवर हातभर अंतरावरून वाळूच्या रंगाचा फवारा, एकदम नव्हे, थोडा थोडा. सगळे रंग चकाकी नसलेले. हा थर वाळेपर्यंत तो परसात गेला आणि मूठभर गवत, नेच्याची दोन पाने आणि ओकची गेल्या वर्षीची वाळकी पाने घेऊन आला. तीच त्याची चित्रसामग्री. पान नळीवर धरायचे, त्यावरून शेवाळी किंवा तपकिरी फवारा मारायचा आणि पान उचलायचे. पानाखालची फिकट जागा पानाच्या आकाराने उरते. रांगोळीच्या छापाची ही उलटी रीत. छापात भोकांतून रंग खाली पडतो, इथे पान रंग अडवते. अखेरीस स्पंजच्या तुकड्याने तुरळक काळे ठिपके.

बाजारात तयार नक्षी मिळतेच. १९८० मध्ये व्हर्जिनियाच्या जिम क्रमली यांनी झाडाच्या सालीसारखी नक्षी विक्रीला आणली. तिचा आरंभ त्यांनी स्वतःच्या कपड्यांवर मार्करने ओढलेल्या रेघांत होता. १९८६ पासून 'मॉसी ओक' आणि 'रिअलट्री' या नावांनी तो मोठा व्यवसाय झाला. शेजाऱ्याचे म्हणणे असे, की ती पाने कुठल्या तरी दुसऱ्या रानातली असतात. मी बसतो त्या झाडाखालची नसतात.

आम्ही म्हणालो, पाने फार हुबेहूब उमटली आहेत. त्यावर तो हसला. पानाचे चित्र जवळून पाहणाऱ्या माणसासाठी असते, असे तो म्हणाला. त्याने बंदूक कुंपणाला टेकवली आणि आम्हांला चाळीस पावले मागे नेले. पाने दिसेनाशी झाली होती. पण नळीची सरळ रेघही दिसेनाशी झाली होती. रानात इतकी सरळ रेघ कुठेच नसते, म्हणून ती मोडायची. फिकट-गडद पट्टे आडवे गेले की डोळा त्या तुकड्यांना एका वस्तूत जोडू शकत नाही.

नंतर वाचताना कळले, की हे शास्त्र मुळात चित्रकारांनी मांडले आहे. ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट का असते याचा उलगडा केला. १९०९ साली त्याच्या मुलाने त्या विचारांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. थेयरचा उत्साह इतका, की फ्लेमिंगोचा गुलाबी रंगही मावळतीच्या आभाळात लपण्यासाठीच आहे, असे तो म्हणे. थिओडोर रूझवेल्ट या मुरब्बी शिकाऱ्याने त्याचा कडक समाचार घेतला. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रेंच सैन्याने चित्रकारांची खास तुकडीच उभारली, आणि तिच्यापुढचे पहिले काम होते तोफा झाकण्याचे.

आपल्या साहित्यशास्त्राला हा विषय परका नाही. समान गुणामुळे एक वस्तू दुसरीत मिसळून वेगळी ओळखू येत नाही, तो 'सामान्य' अलंकार. चांदण्या रात्री शुभ्र वस्त्रे नेसून निघालेली अभिसारिका हे त्याचे ठरलेले उदाहरण. आम्ही ते वर्गात कित्येकदा फळ्यावर लिहिले आहे. पण त्या कुंपणाशी जे पाहिले ते याहून निराळे होते. तिथे एक वस्तू दुसरीसारखी दिसत नव्हती. तिचे एक वस्तू असणेच मोडले होते. याला मराठीत कोणी मायावरण म्हणतात, कोणी छद्मावरण. आम्हांला पहिला शब्द अधिक रुचतो. 'छद्म'मध्ये लपणाऱ्याचा कपटी हेतू तेवढा येतो. 'माया'मध्ये पाहणाराही येतो.

पाहणारा कोण, यावर खरोखरच सगळे अवलंबून असते. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा ओळखता येत नाही. म्हणून बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्यांना विस्कॉन्सिनमध्ये भडक नारिंगी कपडे सक्तीचे आहेत (२०१६ पासून भडक गुलाबीही चालतात), म्हणजे हरणाला कळत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र माणूस दिसतो. टर्कीचे तसे नाही. तिला रंग उत्तम दिसतात, म्हणून तिथे नखशिखांत लपावे लागते. आणि जो पूर्ण लपतो तो दुसऱ्या शिकाऱ्याच्या छऱ्यांच्या वाटेतही येऊ शकतो. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा रंग असतो, म्हणून या रंगाचा रुमालसुद्धा बाहेर काढायचा नाही. जागा बदलताना शेजारी नारिंगी टोपी घालतो. आणि इतके सारे करून त्याची कबुली अशी, की टर्की रंगापेक्षा हालचालीने सावध होते. हलायचे नाही हेच खरे. मग रंगवायचे कशाला, असे आम्ही विचारले. त्यावर तो म्हणाला, निम्मा रंग माझ्यासाठीच असतो. हंगामाआधी त्या रानातली पाने हातात घेतल्याखेरीज आपण तिथले आहोत असे वाटत नाही.

मग त्याने कपाट उघडून दुसरी बंदूक दाखवली. ती त्याच्या वडिलांची. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि त्यावर चक्क घराचा हिरवा नि तपकिरी रंग, ब्रशाने थापलेला. जिथे गाल टेकतो आणि जिथे हात धरतो तिथे तो झिजून लाकूड वर आले होते. रंग काढून लाकूड पॉलिश केले तर चांगली किंमत येईल, असे त्याला पुष्कळांनी सांगितले होते. त्याने ते केले नव्हते. हंगामातली एक सकाळ तो हीच बंदूक घेऊन जातो.

परतताना भाऊजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, आजोबा नळीला काहीतरी काळं लावायचे ना?"

लावत असत. चुलीवरच्या भांड्याची काजळी खोबरेल तेलात कालवून ते नळीला आणि दस्त्याच्या पुढच्या भागाला फासत. चांदण्यात नळी चमकते, असे कारण सांगत. आमच्यातला एकजण लहानपणी ती काजळी खरवडून देत असे. शर्ट काळा झाला म्हणून त्याने मारही खाल्ला आहे. रानडुकराला डोळ्यांनी फारसे दिसत नाही, ते वासाने ओळखते. तेव्हा काजळीचा खरा उपयोग कोकणच्या दमट हवेत लोखंड गंजू न देण्याचा असेल. निम्मी काजळी कदाचित आजोबांची स्वतःचीच असेल.

"पॉलिश केलं तर ते जाईल, नाही का?" आमच्यातली एकजण म्हणाली.

"जाईल. आणि नाही केलं तरी ती घेऊन माळ्यावर बसणार कोण, वहिनी?" भाऊजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतिपत्रावर सही केली. आमच्या मनासारखे झाले होते. पण त्याचा आनंद झाला असे म्हणवत नाही. दोन वर्षे आम्ही बंदूक नको म्हणत होतो ती तत्त्वाच्या भाषेत, आणि आजोबांच्या हाताची खूण तिच्यावर आहे हे आठवले होते ते ती ठेवू म्हणणाऱ्याला.

जूनमध्ये आम्ही ठाण्यात अर्ज दिला. हवालदारांनी बंदूक टेबलावर आणून ठेवली आणि नोंद जुळवून पाहू लागले. दस्त्याच्या पुढच्या भागावर, जिथे डावा हात येतो त्याच्या दोन्ही बाजूंना, काळा कडक थर अजून होता. मधली जागा स्वच्छ, लाकडाच्या रंगाची. आम्ही दोघांनीही त्या थरावर बोट फिरवून पाहिले. बोटाला काही लागले नाही. मग पोच घेतली आणि बाहेर आलो. पाऊस सुरू झाला होता.