लांबचं वळण

भाईंदर पूर्वेच्या आमच्या कराटेच्या वर्गात मुलं घरी मारवाडी बोलोत, मराठी की भोजपुरी, आकडे सगळी जपानीत मोजतात. इच, नी, सान. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. पहिला काता हेइआन शोदान, हालचाली 21. चुणचुणीत मुलांना तो लवकर पाठ होतो आणि पालक विचारू लागतात, ‘सर, पुढचा कधी?’ खरं काम तिथून सुरू होतं.

नवव्या हालचालीला उजवा पाय पुढे असतो, उजवा हात कपाळावर येणारा वार अडवतो आणि किआईची आरोळी उठते. दहावी हालचाल उजवीकडे. तिकडे वळायला काटकोन पुरेसा दिसतो आणि नवीन मूल हमखास तसंच वळतं. काता सांगतो, मागचा डावा पाय पाठीमागून फिरवा, डावीकडून 270 अंश जा आणि मग उजवीकडे तोंड करा. ‘सर, इकडूनच का नाही?’ असं विचारणारं मूल मला फार आवडतं. मी त्याला जोडीदाराचा हात धरायला लावतो आणि तसंच फिरायला सांगतो. जोडीदाराचा तोल जातो. या वळणात फेक आहे, असा अर्थ अनेक जण लावतात. मलाही तो पटतो.

असं दुसरं वळण सतराव्या हालचालीनंतर, म्हणजे तेही किआईनंतरच. आरोळीत श्वास सुटतो, खांदे सैलावतात, मनाला वाटतं झालं. नेमकं तेव्हाच सगळं शरीर एका पायावर फिरवायचं असतं. ठोसे कुणीही जोरात मारतो. परीक्षा घ्यायला बसलो की मी ही दोन वळणं पाहतो: आधी मान फिरली का, कंबर वर उचलली गेली का, मागे खेचलेला हात जागेवर राहिला का.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावात इतोसू आंको यांनी शाळकरी मुलांसाठी हा आणि आणखी चार असे पाच काते बसवले, तेव्हा या कात्यांचं नाव पिनान होतं. फुनाकोशी गिचिन यांनी पुढे ते हेइआन केलं आणि मुळात दुसरा असलेला हा सोपा काता पहिला ठेवला. ओळीनं उभी मुलं आणि एक शिक्षक, यासाठीच तो घडला.

पावलं सारखी पडली तर काता सुरुवातीच्या जागी संपतो. आमच्याकडे बरीच मुलं भिंतीला टेकतात. त्यांना मी पुढचा काता देत नाही. नववी, दहावी, पुन्हा नववी, दहावी, एवढंच सावकाश मोजून घेतो.