बिनतिखटाची वाटी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव बाहेरच्या जगाला चौरस्ता म्हणूनच ठाऊक आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग, ज्याचा जुना क्रमांक ७ आणि आताचा ४४, येथून हिंगणघाटकडे जातो आणि वरोरा-चंद्रपूरचा रस्ता येथेच फुटतो, त्यामुळे या भागातील कोंबडी-मासळीचा विषय निघाला की वाटसरूला आठवते ती ढाब्यावरची लालभडक तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारा तिखट तेलाचा थर. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरून आलेल्या सावजी रश्श्याने ही ओळख अधिकच पक्की केली आहे. घरचा रस्सा मात्र निराळा असतो, आणि त्यातही एक वाटी अशी असते की जिच्याकडे पाकशास्त्राचे सहसा लक्ष जात नाही: तिखट पडण्याआधी गंजातून काढून ठेवलेली वाटी.

गंज म्हणजे विदर्भातले उभट पातेले. त्यात पळीभर तेलावर कांदा परतून आले-लसूण, हळद, मीठ आणि कोंबडीचे तुकडे घातले जातात, आणि त्या तुकड्यांना त्यांचेच पाणी सुटू दिल्यावर वरून गरम पाणी ओतले जाते. मांस शिजले की भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण आणि तिखट पडण्याच्या नेमके आधी घरातली बाई डावभर फिकट पिवळे पाणी, एखादा मऊ तुकडा आणि चिमूटभर सांबार, म्हणजे या भागातली कोथिंबीर, एका वाटीत वेगळे काढते. ती वाटी लहान मुलाची असते, आणि तीत ज्वारीची भाकर किंवा मऊ भात कुसकरून मुलाची सामिष आहाराशी पहिली ओळख होते. या साधेपणामागे आरोग्याचा विचार फारसा नव्हता हे मान्य करायला हवे. जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल घरात मोजूनमापून वापरले जाई, आणि धुळवड किंवा पोळ्याची कर, म्हणजे सणानंतरचा दिवस, सोडला तर कोंबडी कापण्याचा योग क्वचितच येई.

तारुण्यात ही वाटी विस्मरणात जाते, कारण तिखट सोसणे हे त्या वयात मोठेपणाचे लक्षण मानले जाते. पुढे ताप, बाळंतपण किंवा एखादे दीर्घ दुखणे आले की ती न बोलावता परत येते, फक्त तेव्हा तिला पथ्य म्हणतात.

दरम्यान वाटीतला ऐवज बदललेला असतो. गावरान कोंबडी शिजायला तासाहून अधिक वेळ घेई; १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केल्यानंतरच्या दशकांत पसरलेला ब्रॉयलर पक्षी, ज्याला खेड्यात सर्रास ‘बॉयलर’ म्हणतात, साधारण सहा आठवड्यांत विक्रीला तयार होतो आणि अर्ध्या तासाच्या आत शिजतो. त्याच्या पाण्याला गावरानची चव नाही, ही जुन्या माणसांची तक्रार अगदीच अनाठायी नाही. पण कातडी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, आणि ती आता सणाची वाट न पाहता मिळतात. मासळीचेही तसेच झाले. इथल्या वणा नदीतल्या मरळ, वाम, झिंग्यांच्या जोडीला रोहू-कतला आले, ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने या माशांचे प्रजनन घडवून दाखवले, आणि त्यातूनच मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिले, देशभरच्या तलावांत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

मासळीच्या गंजात डाव घालत नाहीत, फडक्याने काठ धरून गंजच हलवतात, कारण तुकडा पाचसात मिनिटांत शिजतो आणि ढवळला की मोडून काटे रश्श्यात सुटतात. मरळ बुळबुळीत असल्याने चुलीतली राख लावूनच साफ होते. गॅस आल्यावर राख गेली, तिची जागा जाड्या मिठाने घेतली. चिंचेचे पाणी, हळद, लसूण आणि अगदी थोडे तेल एवढ्यावर हा रस्सा उभा राहतो.

उतारवयात डॉक्टर रक्तदाबाच्या कागदावर तेल-मीठ कमी करण्याची सूचना लिहितात. एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे पंधरा ग्रॅमची एक पळी तर्री वगळली तरी १३५ किलोकॅलरी टळतात, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या २०२४च्या आहार-मार्गदर्शनात तेल आणि मीठ बेताने घेण्याचाच सल्ला देते. सुनेला मात्र कागद वाचावा लागत नाही. तिखटाचा डबा उघडण्याआधी ती आता दोन वाट्या काढते, एक नातवाची आणि एक आजोबांची. मासळी असेल त्या दिवशी दोन्ही वाट्यांतले काटे बोटांनी चाचपून तीच वेगळे करते, आणि आजोबा आपल्या वाटीवर गुपचूप थोडी तर्री मागतात.