नाईलकाठची नृत्यशाळा

कैरोतील त्या सभागृहात पहिल्या दिवशी तिने सर्वांत मागची जागा धरली. सोलापूरच्या सूतव्यापारी घराण्यातील ती थोरली सून, वय ४६. पती लांब धाग्याच्या कापसाच्या बोलणीसाठी इजिप्तला निघाले, तेव्हा तीही सोबत निघाली. तेथील तीन दिवसांच्या नृत्यशिबिरात तिने नाव नोंदविले आहे हे पतींना ठाऊक होते. सासूबाईंना मात्र ‘व्यायामाचे शिबिर’ एवढेच सांगितले होते. ते अर्धे सत्य प्रवासभर तिला बोचत राहिले.

या नृत्याचे तेथील नाव ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचे नृत्य. ‘बेली डान्स’ हे नाव परक्यांचे, आणि बदनामीही बरीचशी त्यांचीच. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभारली होती. तेथील नर्तकींवरून मोठा गहजब झाला. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. त्या गल्लीची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

गुरू सत्तरी ओलांडलेले. तेथे गुरूला ‘उस्ताज’ म्हणतात. आपला ‘उस्ताद’ त्याच घरचा. त्यांनी सर्वांना कंबरेला ओढणी बांधावयास सांगितली आणि पहिला संपूर्ण तास केवळ चालविले. पाऊल टेकताना आवाज होऊ नये, मान ताठ असावी, खांदे स्थिर असावेत. देशोदेशींहून आलेल्या काही जणी कंटाळल्या. तिला मात्र त्या चालण्यातच घाम फुटला. मग तबला आला. हा तबला म्हणजे आपली जोडी नव्हे; सुरईच्या आकाराचे, एकाच तोंडाचे वाद्य. ‘दुम तक, तक दुम, तक’ असा मकसूमचा ठेका वाजू लागला आणि ती घाईने हलू लागली. उस्ताजांनी वादन थांबविले.

“ठेका अजून तुमच्यापर्यंत पोहोचलेला नाही. त्याला येऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी उम्म कुलसूमच्या ‘इन्त उमरी’चे सूर लागले. १९६४ सालची ही रचना मोहम्मद अब्देल वहाब यांची. पुढे ‘तक्सीम’ आला. तक्सीम म्हणजे एकाच वाद्याने केलेला मुक्त आलाप. तेथे नर्तकीने जवळजवळ उभेच राहावयाचे. श्वासाबरोबर कंबरेत जेवढी लहर उठेल तेवढीच. गुडघा आणि पाऊल खाली काम करतात, वर काही दिसत नाही. हे तिला सर्वांत अवघड गेले. घरातही दिवसभर धावणे सोपे असते, स्वस्थ बसणे नाही.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी उस्ताज आपल्या तारुण्याविषयी बोलले. ते रेडा नृत्यपथकात नाचलेले. महमूद रेडा हे मूळचे कसरतपटू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते इजिप्ततर्फे उतरले होते. १९५९ साली त्यांनी पथक काढले, तेव्हा प्रतिष्ठित घरातील मुलगी रंगमंचावर नाचणे कैरोलाही मानवणारे नव्हते. पथकाची प्रमुख नर्तकी फरीदा फहमी. तिचे वडील डॉ. हसन फहमी अभियांत्रिकीचे प्राध्यापक. ते लेकीच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले.

हे ऐकताच ती उठून बाहेरच्या ओसरीत गेली. तिच्या वडिलांनी चौदाव्या वर्षी तिचे कथक बंद केले होते. राग नव्हता, सक्तीही नव्हती. पेढीवर कोणी काही बोलले होते, एवढेच. घुंगरू आईने कपाटात ठेवले. पुढे त्यांचे काय झाले, हे तिने कधी विचारले नाही.

त्या रात्री तिने सोलापूरला फोन लावला.

“आई, मी व्यायाम नाही शिकत. नाच शिकते आहे.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“या वयात?” सासूबाई म्हणाल्या. मग, “गुडघे दुखत नाहीत ना गं?”

“दुखतात.”

“आणि कपडे?”

“पूर्ण बाह्यांचा सुती कुडता. कंबरेला ओढणी बांधावी लागते. तुम्ही दिवाळीला दिलेली निळी आणली आहे.”

“ती नवी होती,” सासूबाई म्हणाल्या. “घट्ट गाठ मारू नकोस, जर सुटेल. आल्यावर दाखव, कशी बांधतात ते.”