पळसाला पाने किती?

बाहेरून केलेलं एम.ए. तिकडं चालतं का? तिकडं म्हणजे दुबई, मस्कत, मालदीव, क्वचित इथिओपिया. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. मला मात्र यातलं एकही उत्तर पुरतं खरं वाटत नाही, पुरतं खोटंही वाटत नाही. इंग्रजी शिकवायला परदेशी जायचं आणि हाताशी पदवी मुक्त विद्यापीठाची, अशी पोरं आता आमच्या भागात कमी नाहीत. त्यांच्या या प्रश्नाला शांतपणे उत्तर द्यावं म्हणून विचार करू लागलो, तर विचार भलतीकडेच जाऊ लागला.

आमच्या देवगाव फाट्यावरून एक रस्ता मंठ्यावरून जालन्याला जातो, एक जिंतूरला आणि एक सेलूला. रेल्वे धरायची तर सेलू गाठायचं. विद्यापीठ म्हणाल तर एक नांदेडला, एक छत्रपती संभाजीनगरला. घरी कोरडवाहू रान, सोयाबीन आणि कापूस, बाप थकलेला, बहिणीचं लग्न व्हायचं. अशा घरातल्या पोराने पंच्याहत्तर टक्के हजेरी भरायची कुठून? १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू निघालं, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, ते अशाच घरांसाठी. ज्याला शिक्षणापर्यंत जाता येत नाही त्याच्यापर्यंत शिक्षणाने जावं, हा विचार मला आजही मोठा वाटतो.

फाट्यावरच्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावर एका पोराला मुक्त विद्यापीठाचा स्वाध्याय लिहिताना मी पाहिलं आहे. इग्नूच्या एम.ए.चे स्वाध्याय हाताने लिहावे लागतात. बिलबुकाच्या शेजारी ब्रिटिश कवितेचं पुस्तक उघडं, पान उडू नये म्हणून त्यावर तराजूतलं वजन. प्रश्न जॉन डनच्या कवितेवर. गिऱ्हाईक आलं की पेन तसंच बिनटोपणाचं ठेवायचं, डीएपीची गोणी काढून द्यायची, उधारी वहीत मांडायची आणि परत त्याच वाक्यावर यायचं. वाक्य खोडलेलं होतं, त्याच्यावर दुसरं लिहिलेलं होतं, तेही खोडून समासात तिसरं लिहिलेलं होतं. तिसरं वाक्य मी वाचलं. चांगलं होतं. डनविषयी त्यात असं काही होतं, जे गाईडमध्ये सापडत नाही.

कागदावर बघितलं तर या पोराची बाजू भक्कम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे मुक्त व दूरस्थ शिक्षणाचे नियम आहेत आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने पुन्हा जाहीर केलं, की मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच धरायची. नेट देता येते, सेट देता येते. म्हणजे आपल्याकडे दोन्ही पदव्यांचं माप एक. मग मनात येतं, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. इथं एक तर तिथंही एकच असणार.

पण ही म्हण तोंडात आली आणि तिथेच अडकलो. फाल्गुनात जिंतूरच्या बाजूच्या माळांवर पळस बघावा. रान पेटल्यासारखा लाल, आणि पाने? तीन नाहीत, दोन नाहीत, एकही नाही. पानगळ होऊन गेल्यावर पळस फुलतो. म्हणजे ज्या दिवसांत पळसाकडे माणसाचं लक्ष जातं, नेमक्या त्या दिवसांत म्हण खोटी पडलेली असते. ती खरी होते ती पुढे, फुलं झडून गेल्यावर, झाडाकडे कुणी मान वर करून बघत नाही तेव्हा.

बरं, तेव्हा तरी पाने तीन असतात का? वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल, हे एकच पान आहे, याला पर्णिका तीन आहेत. देठ एक, म्हणून पान एक. पत्रावळी लावणाऱ्या बाईला विचारा. ती तिन्ही सुटी करते आणि तिच्या लेखी ती सारखी नसतात. मधलं मोठं आणि डावं-उजवं जुळणारं, बाजूची दोन मात्र एका अंगाला कललेली. काडीने टाचताना कोणतं कुठं बसेल हे तिचे हात ठरवतात. देवभोळ्या माणसाला विचारा, तो त्या तिघांत ब्रह्मा, विष्णू, महेश पाहतो. झाड तेच, फांदी तीच. कुणी एक मोजतं, कुणी तीन, कुणी तीनमधलं एक निवडून बाजूला ठेवतं. मोजणारा कशासाठी मोजतो आहे यावर आकडा ठरतो. मग ‘कुठेही जा’ या शब्दांना आधार कशाचा राहिला?

आणि पळसाचं नातं शिकण्याशी थेट आहे. मुंजीत बटूच्या हातात देतात तो दंड पळसाचा. घर सोडून गुरूच्या घरी राहायला निघालेल्या मुलाची ती खूण. आजच्या भाषेत नियमित विद्यार्थ्याची. तो दंड कुणाच्या हातात द्यायचा आणि कुणाच्या नाही, हे जन्मावर ठरत होतं. मुलींच्या हातात तो येत नव्हता. गुरूसमोर बसून मिळवलेली विद्या खरी, हे आपण फार सहज बोलतो. समोर बसायला परवानगी किती जणांना होती, हे त्या वाक्यात येत नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. घरसंसार सांभाळून बाहेरून परीक्षेला बसायची सोय पुढे त्या विद्यापीठाने दिली आणि कितीतरी बायका चूल आवरून पदवीधर झाल्या. त्यांची पदवी हलकी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुंबई विद्यापीठाचंच बघा. १८५७ साली ते लंडनच्या धर्तीवर उभं राहिलं, तेव्हा ते शिकवत नव्हतं. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढंच त्याचं काम. शिकवणं कॉलेजांकडे. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर १८६२ साली पहिल्या बी.ए. तुकडीत उत्तीर्ण झाले. त्यांना पदवी देणाऱ्या विद्यापीठाने त्यांना वर्गात बसवलेलं नव्हतं. लंडन विद्यापीठाने तर १८५८ पासून आपली परीक्षा कुठेही शिकलेल्या उमेदवाराला खुली केली. म्हणजे बाहेरून परीक्षा देणं ही आपल्याकडची पळवाट नव्हे, ती आपल्या आधुनिक विद्यापीठांइतकीच जुनी रीत आहे.

इथवर आलो की वाटतं, उत्तर मिळालं. पण परदेशातली कचेरी इतिहास वाचत नाही, रकाने वाचते. पदवीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग बऱ्याच देशांसाठी त्यांच्या वकिलातीचा. आखातात बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाचं आणखी एक पत्र मागतात आणि त्यात अध्ययनपद्धती कोणती, नियमित की दूरस्थ, हे लिहावं लागतं. शिक्के सगळे मिळतात आणि गाडी त्या एका ओळीवर थांबते. २०१८ च्या सुमारास संयुक्त अरब अमिरातीत भारतीय शिक्षकांवर वेगळाच प्रसंग आला. गुणपत्रिकेवर अंतर्गत गुण आणि बाह्य गुण असे दोन रकाने होते. पडताळणी करणाऱ्यांनी बाह्य गुण म्हणजे बाहेरून केलेलं शिक्षण असा अर्थ लावला. वर्गात बसून शिकलेल्या माणसांची समकक्षता अडली, नोकऱ्या धोक्यात आल्या आणि भारतीय दूतावासाला मध्ये पडावं लागलं. नियमित शिकलेला माणूससुद्धा एका रकान्याने बहिःस्थ ठरू शकतो.

उलट बाजूही आहे. बर्मिंगहॅम, ॲस्टन अशा ब्रिटिश विद्यापीठांनी इंग्रजी अध्यापनातली पदव्युत्तर पदवी कित्येक वर्षं दुरूनच दिली. जपान-कोरियात नोकरी करता करता ती मिळवलेली माणसं तिथल्याच विद्यापीठांत शिकवत राहिली. तीही दुरूनच शिकलेली. फरक पारपत्राचा. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. तिथे आमच्या पोराची अध्ययनपद्धती विचारायची वेळ येण्याआधीच बहुतेक वेळा दार लागतं.

याच्या अगदी उलटं चित्र आपल्याच मराठवाड्यात दिसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इंग्रजीत एम.ए. आणि पीएच.डी. करायला येमेन, इराकची मुलं येत आली आहेत. परत जाऊन ती आपापल्या देशात इंग्रजी शिकवतात. त्यांच्या मायदेशी मराठवाड्याच्या इंग्रजीला मान आहे. मग देवगाव फाट्यावर गल्ल्याशी बसून डन वाचणाऱ्याचं इंग्रजी वेगळं कसं? तो विद्यापीठाच्या जास्त जवळ जन्मला आणि त्याला तिथं राहण्याची ऐपत नव्हती, एवढंच. या विचाराशी आलो की मला राग येतो.

पण राग आला म्हणून नोकरी देणाऱ्याची बाजू खोटी ठरत नाही. त्याला शिक्षक हवा आहे, वाचक नको. केंब्रिजच्या सेल्टा या प्रमाणपत्राला जगभर किंमत का, हे बघितलं तर कळतं. त्यात उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवायचं असतं आणि प्रशिक्षक मागे बसून ते पाहतो. एवढंच. डनवरचं तिसरं वाक्य कितीही चांगलं असो, त्या पोराला शिकवताना कुणी पाहिलेलं नाही. आणि नियमित एम.ए. करणाऱ्याला तरी कुणी पाहिलं आहे? दोन वर्षं व्याख्यानं ऐकून तोही पेपरच लिहितो. शिकवण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच कोरे, तरी एकाची हजेरी पुरावा धरली जाते. हजेरी हा नेमका कशाचा पुरावा, हे मला अजून सांगता येत नाही. माणसांमध्ये बसण्याचा असेल. चार जणांसमोर आपलं इंग्रजी चुकण्याचा असेल. त्याला किंमत नाही असंही म्हणवत नाही, कारण गल्ल्यावरच्या त्या पोराला डन कळला होता, पण त्याविषयी मोठ्याने बोलायला माणूस मिळालेला नव्हता.

म्हणजे चालतं का? एका देशात चालतं, शेजारच्यात अडतं, तिसऱ्यात कुणी विचारतच नाही. म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच आहे. प्रवेशाची फी भरण्याआधी ज्या देशात जायचं तिथला समकक्षतेचा नियम वाचा, त्यात अध्ययनपद्धतीची अट आहे का ते बघा, आणि तो अभ्यासक्रम आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या मान्यतेच्या यादीत आहे याची खात्री करा. आणि कुठल्याही शाळेत, फुकट का होईना, वर्गासमोर उभे राहून शिकवायला आजच लागा.