अप्पासाहेब पंत आणि नैरोबीचे दफ्तर

औंध संस्थान नकाशावर दाखवा असे कोणी सांगितले, तर बोट एका जागी टेकवता येत नाही. औंध आणि कुंडल एकीकडे, माणदेशातली आटपाडी दुसरीकडे, आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला, म्हणजे आजच्या कर्नाटकात. मधे सगळा परका मुलूख. गावे बहात्तर, वस्ती सुमारे पाऊण लाख. शेजाऱ्यांशी बोलून घेतल्याशिवाय अशा संस्थानाचा कारभार चालणेच शक्य नव्हते. त्या कारभारात तयार झालेला राजपुत्र पुढे पूर्व आफ्रिकेतल्या चार शेजारी मुलखांसाठी भारताचा एकच आयुक्त म्हणून गेला. अप्पासाहेब पंतांचे चरित्र वाचताना मला ही गोष्ट त्यांच्या ऑक्सफर्डच्या पदवीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटत आली आहे.

बंगळूरच्या मराठी वाचकांना अप्पासाहेबांची ओळख करून द्यायला आणखीही एक कारण आहे. म्हैसूर रोडवरून केंगेरीकडे जाताना ‘कविका’ हा सरकारी विद्युत कारखाना लागतो. १९३०च्या दशकात तो म्हैसूर सरकारचा इलेक्ट्रिक कारखाना होता, आणि दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी तो चालवण्यासाठी मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश ज्यू अभियंता आणला होता. फ्रीडमन यंत्रांत जितके रमत तितकेच रमण महर्षींच्या आणि गांधीजींच्या विचारांत रमत. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या तरुण अप्पासाहेबांशी त्यांचे सूत जुळले आणि बंगळूरचा हा कारखानदार औंधला येऊन राहिला. पुढचा इतिहास महाराष्ट्राला थोडाफार ठाऊक आहे. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून सत्ता प्रजेच्या हाती दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली, तिच्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. राजाने आपण होऊन राज्य सोडले, असे इतिहासात फार वेळा घडत नाही. आमच्या खात्यात तर कोणी टेबलसुद्धा सोडत नाही, ही गोष्ट वेगळी.

१९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी नेहरूंनी छत्तीस वर्षांच्या अप्पासाहेबांना नैरोबीला पाठवले. हुद्दा ‘आयुक्त’. राजदूत म्हणता येत नव्हते, कारण ज्या भूमीत जायचे ती स्वतंत्र नव्हती. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांजीबार हे चारही मुलूख इंग्रजांच्या ताब्यात, पण प्रत्येकाची राज्यव्यवस्था निराळी: केनिया वसाहत, युगांडा संरक्षित प्रदेश, टांगानिका संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली, आणि झांजीबारात सुलतान. रेल्वे, टपाल, जकात अशा सामायिक सेवांसाठी इंग्रजांनी ‘ईस्ट आफ्रिका हाय कमिशन’ स्थापन केले तेही १९४८चेच. म्हणजे अप्पासाहेब पोचले तेव्हा चार शेजाऱ्यांची मोट बांधण्याचा उद्योग सरकारी पातळीवर नुकताच सुरू झाला होता. तो लंडनच्या सोयीचा होता, हे सांगणे नलगे.

या चारही मुलखांना जोडणारे दुसरे सूत्र मात्र भारतीयांचे होते. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात ज्यांनी टाकला ते सुमारे बत्तीस हजार मजूर बहुतांशी पंजाबातले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. १९२०पर्यंत तिथले चलनही रुपयाच होते. दुकाने गुजरात्यांची, कारखान्यांतले मिस्त्री शीख, आणि सरकारी कचेरीतले कारकून गोव्याचे. गोमंतकीय कारकुनाच्या वळणदार अक्षराशिवाय तिथल्या कचेरीचे पान हलत नसे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. केनियात १९४८ साली भारतीय लाखाच्या आसपास, गोरे तीस हजारांच्या आसपास आणि आफ्रिकी पन्नास लाखांहून अधिक होते. चांगली जमीन गोऱ्यांकडे, व्यापार भारतीयांकडे, आणि कष्ट व करभार आफ्रिकी माणसाकडे.

आता आयुक्ताने कोणाचे काम करायचे? नेमणूकपत्र वाचले तर उत्तर सोपे आहे: भारत सरकारचे आणि तिथल्या भारतीयांचे. पण नेहरूंनी त्या भारतीयांना सांगितले होते की तुम्ही या भूमीत पाहुणे आहात आणि आफ्रिकी माणसाचे हित तुमच्या हिताच्या आधी येते. गंमत अशी की ‘आफ्रिकींचे हित सर्वोपरी’ हे वाक्य इंग्रज सरकारने १९२३च्या श्वेतपत्रिकेतच लिहून ठेवले होते, आणि त्याचा उपयोग मुख्यतः भारतीयांना समान हक्क नाकारण्यासाठी केला होता. नेहरूंनी तेच तत्त्व खरे मानून राबवायला सांगितले आणि ते राबवण्याची जबाबदारी अप्पासाहेबांवर आली. दुकानदाराला हे पटवणे किती अवघड गेले असेल याची कल्पना ज्याने कधी जिल्ह्यात नोकरी केली आहे त्याला सहज येईल. आपला माणूस आला म्हणून हार घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांना पहिल्याच भाषणात ‘तुमच्याआधी ते’ असे सांगायचे!

त्यात फाळणीची सावली समुद्र ओलांडून पोचली होती. केनियाच्या विधिमंडळासाठी भारतीयांचे मतदारसंघ १९५१च्या सुमारास मुस्लिम आणि बिगरमुस्लिम असे वेगळे झाले. आफ्रिकी व भारतीय यांच्यात पूल बांधायला निघालेल्या माणसाच्या पायाखालचा आपलाच काठ दुभंगत होता.

अप्पासाहेबांनी हाती घेतलेल्या कामांत मला सर्वांत टिकाऊ वाटते ते शिक्षणाचे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गांधीजींच्या स्मरणार्थ भारतीयांनी जमवलेल्या निधीतून स्वतंत्र विद्यालय काढायचा बेत होता. ते एका जमातीपुरते राहू नये म्हणून अखेर ती योजना ‘रॉयल टेक्निकल कॉलेज’मध्ये विलीन झाली. केनिया, युगांडा आणि टांगानिका या तिन्ही शेजाऱ्यांची मुले जिथे एकत्र शिकतील असे ते महाविद्यालय. १९५६ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते तिथे गांधीजींचा पुतळा उभा राहिला. आज ते नैरोबी विद्यापीठ आहे.

आणि आपल्याकडे शिकून तिकडे गेलेले लोकही होतेच. जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे, आई मसाई. त्यांचे बालपण बंगळूरच्या आणि बळ्ळारीच्या शाळांत गेले. १९५३ साली केनियातली धरपकड टाळून ते पाठिंबा मिळवायला भारतात आले, आणि स्वातंत्र्यानंतर परराष्ट्रमंत्री होऊन १९६६ साली काही महिने केनियाचे उपराष्ट्राध्यक्षही झाले. पिओ गामा पिंटो हे दुसरे गोमंतकीय. ते धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले. केनियाच्या लढ्यात तुरुंगवास भोगला, आणि १९६५च्या फेब्रुवारीत नैरोबीत त्यांची हत्या झाली. बंगळुरात आज आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर भाड्याने देताना जे प्रश्न विचारले जातात ते कानावर आले की मला बळ्ळारीच्या वसतिगृहातला मुरुंबी आठवतो.

१९५२च्या ऑक्टोबरमध्ये केनियात आणीबाणी जाहीर झाली. जोमो केन्याटांना अटक झाली आणि कापेंगुरिया या आडगावी खटला उभा राहिला. बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. स्थानिक भारतीय वकील पुढे आले, त्यांत गोमंतकीय फिट्झ डिसोझाही होते. किकुयू पुढाऱ्यांशी भारतीय आयुक्ताचा जवळचा संबंध इंग्रजांना आधीपासून खुपत होता. आता तो असह्य झाला. दिल्लीकडे तक्रारी गेल्या, आणि १९५४ साली अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी भाषा जाणणाऱ्याला या दोन नोंदी शेजारीशेजारी वाचताना हसू आवरत नाही. पुढची त्यांची नेमणूक गंगटोकला झाली: सिक्कीम, भूतान आणि तिबेट. पुन्हा शेजारीच!

ते ज्या शेजाऱ्यांत वावरले त्यांचे पुढे काय झाले? स्वतंत्र झाल्यावर केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ साली ‘पूर्व आफ्रिकी समुदाय’ स्थापला. रेल्वे, बंदरे, टपाल, विमान कंपनी सगळे सामायिक. १९७२ साली ईदी अमीनने भारतीयांना नव्वद दिवसांत युगांडाबाहेर काढले, आणि १९७७ साली समुदायही मोडला. केनिया-टांझानियाची हद्द १९८३पर्यंत बंद राहिली. मग मालमत्तेची वाटणी. व्हिक्टर उम्ब्रिश्ट नावाच्या स्विस मुत्सद्द्याने या वाटणीत मध्यस्थी केली. ते काम १९८४च्या मे महिन्यातल्या करारापर्यंत चालले. राज्यपुनर्रचनेनंतरच्या वाटणीच्या फायली ज्याने चाळल्या आहेत त्याला उम्ब्रिश्ट यांच्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. १९९९ साली तोच समुदाय नव्या कराराने पुन्हा जन्मला. मूळच्या तीन देशांचे आज आठ झाले आहेत. बुसिया आणि नमांगाच्या नाक्यांवर आता दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात, आणि मालमोटार एकदाच थांबते.

पुण्याला रात्रीच्या बसने जाणाऱ्या वाचकांना २०२१मधला कोगनोळीचा नाका आठवत असेल. चाचणीचा दाखला नसेल तर बसमधून उतरवत. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले, आणि दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री बसवून तोडगा शोधायचे दिल्लीत ठरले.

माझ्या नोकरीची काही वर्षे बंगळुरात पाण्याच्या विषयावर गेली. उन्हाळ्यात इथून मुंबईला पत्र जाते की कोयना-वारणेतून कृष्णेत आणि उजनीतून भीमेत पाणी सोडावे. पावसाळ्यात उलट होते. २००५ आणि २०१९च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरला अलमट्टीचे नाव काढले तरी धास्ती वाटते, आणि २०१०च्या निवाड्याने तिथली पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास दिलेली परवानगी दोन्हीकडच्या सभांत गाजत असते. सातारा जिल्ह्यातला मी, कर्नाटक सरकारच्या पत्रावर सही करणारा. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला गणपतीच्या आरतीनंतर विचारले होते, “साहेब, सही करताना तुमचा हात अडखळत नाही का हो?” दुसऱ्या दिवशी कचेरीत सहकाऱ्याने त्याच फायलीवरून, जरा सौम्य शब्दांत, उलटा प्रश्न विचारला. चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांत अप्पासाहेबांचे ‘अ मोमेंट इन टाइम’ मला त्याच सुमारास मिळाले.

२०२१च्या जूनमध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला येऊन तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले, पुराच्या काळात धरणांचे आकडे एकमेकांना वेळेवर कळवण्याविषयी बोलणी झाली. वर्तमानपत्रांनी त्यावर फार शाई खर्च केली नाही. मला मात्र ती भेट फार मोठी वाटली, कारण ते आकडे मी पाहिले होते. राजापूर बंधाऱ्यावरचा सकाळचा विसर्ग पत्राने कळायला तीन दिवस लागतात, फोनवर तीन मिनिटे. पलीकडून बोलणारे अभियंते शिरोळकडचे होते, दोन्ही पुरांत त्यांचे घर पाण्याखाली गेले होते. आकडा सांगून झाला की ते क्षणभर थांबत आणि विचारत, “आणि साहेब, तुमची अलमट्टी आज किती?” मी समोरचा तक्ता बघून सांगत असे.